लांब पायांची गाडी आणि वीतभर मी

मित्रांनो, मी एक जुना, फुटलेला रबरी पाइप आहे. नाक मुरडू नका. ज्या पिकअप गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाशी मी जन्म काढला, तिच्या ब्रेकचं तेल माझ्या पोटातून जायचं. गाडीच्या सांगाड्यावरून येणारी लोखंडी नळी थेट चाकापर्यंत नेता येत नाही. चाक वळतं, उसळतं, दबतं, आणि लोखंडाला एवढं वाकणं जमत नाही. म्हणून शेवटचं वीतभर अंतर माझ्यासारख्याच्या गळ्यात बांधतात. गाडी वेळेवर थांबली की लोक ड्रायव्हरची पाठ थोपटतात. पाइपाची पाठ थोपटलेली कुणी पाहिली आहे का?

कारखान्यात आत रबर, त्यावर दोऱ्यांची घट्ट वीण आणि वर पुन्हा रबर असं मला घडवलं. दोन्ही टोकांना पोलादी तोंडं बसवली. पोटात तेल कोंबून फुटतो का ते पाहिलं. फुटलो नाही, म्हणून कामाला लागलो.

आमची गाडी जुन्या बनावटीची होती. चारही चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच वाटेने जायचं. चौघांतला एक पाइप फुटला तरी चारही चाकं मोकाट सुटणार. हे मला ठाऊक होतं. म्हणून चिखल खाल्ला, उन्हात भाजून निघालो, पण तेलाचा थेंब कधी सांडू दिला नाही.

गाडी चालवायची ती वहिनी. सगळे तिला वहिनीच म्हणायचे. तिचा धंदा मधमाश्यांचा. डोंगरमाथ्यावर फुलं आली की पेट्या वर न्यायच्या, मध भरला की खाली आणायच्या. तिचा नवरा खाली शेडमध्ये मध गाळायचा. धाकटा दीर मेकॅनिक होता. त्याचं गॅरेज शेडला लागूनच होतं.

डोंगराची वाट म्हणजे नुसते दगड आणि घळी. गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कडक होते. एक चाक दगडावर चढलं की दुसरं हवेत लटकायचं, गाडी कलंडायची आणि मागे पेट्या एकमेकींवर आपटायच्या. एकदा एक पेटी खाली पडून फुटली. वहिनी रस्त्यावर बसून राणीमाशी शोधत राहिली. सापडली ती मेलेली.

"भाऊजी," ती घरी आल्यावर दिराला म्हणाली, "चाकं जमिनीला धरून राहतील असं काहीतरी करा. नाहीतर मी धंदा बंद करते."

दिराला तेच हवं होतं. त्याने जुने पाटे काढले आणि लांब, लवचीक पाटे घातले. जुने शॉकअप काढून लालभडक, लांबलचक शॉकअप बसवले. आता चाक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वर चढणार होतं आणि तितकंच खाली उतरणार होतं. गाडीला जणू लांब पाय फुटले.

काम करताना त्याची नजर माझ्यावर पडली होती बरं का! गाडी सपाट फरशीवर उभी होती, त्यामुळे मी थोडा सैल लोंबत होतो. त्याने मला बोटाने हलवलं. "हा चालेल. अजून ढिलाच आहे," असं पुटपुटला आणि पुढे गेला.

मग तमाशा सुरू झाला. डावं चाक दगडांच्या ढिगावर चढवलं. ते असं वर गेलं की गल्लीतली माणसं गोळा झाली. कुणी फोटो काढले, कुणी शॉकअपला हात लावून पाहिला. टायर पत्र्याला घासत नाही, हे दिराने चारचौघांना वाकून दाखवलं. पण ते चाक खड्ड्यात सोडून किती खाली लोंबतं, हे एकानेही पाहिलं नाही. मला ओरडायचं होतं. पण पाइपाला तोंडं दोन, आणि आवाज एकातूनही येत नाही.

दुसऱ्या दिवशी माथ्यावरून पेट्या आणायच्या होत्या. आपलं काम बघायला दीर शेजारी बसला. जाताना गाडी रिकामी होती आणि वहिनी चढ बेताने चढत होती. तेवढ्यावर निभावलं. माथ्यावर पेट्या लादल्या, दोरांनी आवळल्या आणि गाडी उताराला लागली.

पहिल्याच घळीत उजवं चाक खडकावर चढलं आणि डावं खाली गेलं. पूर्वी ते हवेत अडकून राहायचं. आता ते जातच राहिलं. माझा सैलपणा संपला. मी ताठ झालो. तरी चाक खाली जातच होतं. त्यात वहिनीने स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि ब्रेकवर पाय दिला. एक टोक सांगाडा ओढतोय, दुसरं चाक ओढतंय आणि पोटात तेलाचा दाब! आतले दोरे तटातट तुटायला लागले. पेट्या मात्र जराही हलल्या नाहीत.

"बघितलंत का वहिनी?" दीर मांडीवर थाप मारून म्हणाला. "एक पेटी हलली का?"

दुसऱ्या घळीत आणखी दोरे गेले. आता ब्रेक दाबला की माझं पोट गालासारखं फुगत होतं.

"भाऊजी, ब्रेक मऊ लागतोय."

"ब्रेक कसला मऊ? गाडी मऊ झालीय. इतकी वर्षं खडकावर बसून प्रवास केलात, आता गादी टोचतेय होय?"

"गादी बुडाला लागते. मी पायाचं सांगतेय."

तो हसला. मला त्याचा असा संताप आला म्हणून सांगू! पुढे वाटेचा सगळ्यात वाईट तुकडा होता. डावीकडे दरी, उजवीकडे कडा आणि मध्ये एवढा उतार की वरून पुढचं वळणही दिसायचं नाही. माझ्यात एका दाबाचा जीव उरला होता. फार तर दोन.

त्या उताराच्या तोंडाशी थोडी सपाट जागा होती. वहिनीने तिथे गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला, खाली उतरली आणि चाकांपुढे दोन मोठे दगड लावले.

"आता काय?" दीर खिडकीतून ओरडला. "ऊन चढतंय. पेट्या तापल्या की माश्या मरतील. मग मला बोलू नका."

"खाली वाकून बघा एकदा."

"काल रात्रीपर्यंत मीच खाली होतो ना? तुमच्या डोक्यात भलतंच भरलंय."

"असेल. मग चालवा तुम्ही. मी पायी येते."

हे त्याला झोंबलं. तो सरकून स्टिअरिंगमागे बसला. "पायी कशाला येता? हा बघा तुमचा मऊ ब्रेक. दगड आहे दगड!" असं म्हणून त्याने अंगातला सगळा राग पायात आणला आणि ब्रेक दाबला.

मी फुटलो.

फट् असा आवाज झाला. तेलाची चिळकांडी टायरवर उडाली. ब्रेकचं पेडल त्याच्या पायाखाली तळाला टेकलं आणि तिथेच राहिलं. त्याने पुन्हा दाबलं. काही नाही. मग त्याने मान वर करून समोरच्या उताराकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाय पेडलवरून उचलायचंही त्याला सुचेना.

वहिनीने टोमणा मारला नाही. मागे जाऊन दोर सोडले आणि एकेक पेटी कड्याच्या सावलीत नेऊन ठेवायला लागली. थोड्या वेळाने तोही उतरला. जॅक लावून त्याने गाडी उचलली. डावं चाक खाली लोंबकळलं, तसा तो वाकला. मला सोडवून माझ्या दोन टोकांच्या जागांमध्ये धरलं. मी पोहोचत नव्हतो. चार बोटं कमी पडत होतो.

"वहिनी," तो मातीतच बसून म्हणाला, "मी तुम्हाला दरीत घेऊन चाललो होतो."

"घेऊन गेला नाहीत ना? उठा. माश्यांना सावली करायचीय."

पेट्या लावून झाल्यावर तो नमुन्यासाठी मला खिशात घालून पायी खाली गेला. माझ्या जागी लांब पाइप आला. मी गॅरेजमागच्या भंगाराच्या पिंपात पडलो. मेकॅनिक आता चाक खाली सोडून बघतो की नाही, ते पिंपातून दिसत नाही. वहिनीची गाडी डोंगरावर जाते, एवढं आवाजावरून कळतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य संपलं. पण गाडीला नवं काही लावाल, तेव्हा त्याला जोडलेलं जुनंही हात लावून, ताणून बघा. आणि जिच्या पायाखाली रोज ब्रेक असतो, ती तो मऊ लागतोय म्हणाली, तर हसू नका. गाडी थांबवा, खाली उतरा आणि गुडघे मळले तरी वाकून बघा.