लाल चकती

"लाल आहेत त्या आधी काढून घ्या," नव्या मॅडम म्हणाल्या. "म्हणजे फळा जरा मोकळा होईल."

शिपाई फळ्याकडे गेला आणि चकत्या उपटू लागला. व्याहीबुवांना वाटलं, फळा पुसून पुन्हा लावणार असतील. नवा माणूस आला की आधी फर्निचर हलवतो, हे त्यांनी नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं.

व्याहीबुवा हे त्यांचं कंपनीतलं नाव. कंपनी चाकाच्या खुर्च्या बनवायची, पण सगळं एकटीने कुठे जमतं? चाकांसाठी एका परदेशी कारखान्याशी हातमिळवणी होती, विक्रीसाठी इस्पितळांशी, संशोधनासाठी एका विद्यापीठाशी, आणि दुरुस्तीसाठी गावोगावच्या लहान वर्कशॉपांशी. सुटे भाग आणि पाटी कंपनीची, हात त्यांचे. ही सगळी सोयरीक सांभाळायची, कुणाचा मानपान, कुणाचा रुसवा, कुणाला पाहिजे ते आणि कुणाला नको ते, हे काम बुवांकडे. फोनवर नातं टिकत नाही असं त्यांचं मत होतं, म्हणून ते प्रत्येकाच्या दारात जायचे आणि मिळेल तो चहा प्यायचे. त्या चहानेच त्यांचं पोट बिघडलं, असं त्यांची बायको म्हणायची.

दरवर्षी फळ्यावर प्रत्येक भागीदाराच्या नावापुढे बुवा एक चकती लावायचे. बरं चाललंय त्याला हिरवी, डळमळतंय त्याला पिवळी, आणि घसरलंय त्याला लाल. जुने मोठे साहेब लाल दिसली की म्हणायचे, "हा आजारी आहे. याच्याकडे कोण जातंय?" मग त्या भागीदाराकडे माणूस जायचा, यंत्र जायचं, शिकवणारा जायचा. विद्यापीठ एकदा लाल होतं, त्याला नवी प्रयोगशाळा मिळाली. बुवांना पक्कं माहीत झालं होतं, की ज्याला वाचवायचं त्याला लाल लावायची.

"या लालवाल्यांशी करार संपवायचे," मॅडम म्हणाल्या. "महिनाअखेर."

बुवा उठले. "मॅडम, लाल म्हणजे मदत पाठवायची. तशी रीत आहे इथली."

"होती. मला कुणी सांगितली नाही, आणि कागदावर कुठेही नाही. कागदावर लाल म्हणजे कामगिरी खराब." मॅडमचा आवाज चढला नव्हता. "इतके भागीदार आपण कशाला पोसतोय? एक ना धड, भाराभर चिंध्या. जे चांगले आहेत त्यांनाही वेळ देता येत नाही."

यात खोटं काही नव्हतं. बुवांनाही कधीकधी गाडीतून परतताना तसंच वाटायचं.

"दुरुस्तीचं वर्कशॉप चालवणाऱ्या एक ताई आहेत, त्यांची चकती मी बदलून देतो," ते म्हणाले. "ती चूक माझी. त्यांचं काम चांगलं आहे. नवरा गेला म्हणून मागे पडल्यात, एवढंच."

"नियम कळल्यावर रंग बदलायचा? मग उरलेल्या रंगांवर मी कसा विश्वास ठेवू?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही खरं तेच लिहिलंत. त्यात चूक काय?"

शिपायाने चकत्या वाटीत ओतल्या आणि वाटी टेबलावर ठेवली.

त्या दिवशी संध्याकाळी बायको कामावरून आली, तेव्हा बुवा बूटसुद्धा न काढता बसले होते. ती इस्पितळात नर्स होती. पाय मोरीत धुता धुता तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग त्या ताईंना फोन करून सांग ना. मी चुकलो म्हणावं."

"असल्या गोष्टी फोनवर सांगतात का?"

"मग जाऊन सांग. चहा मात्र पिऊ नकोस." ती हसली, पण बुवा हसले नाहीत. तेव्हा ती पाय पुसता पुसता थांबली. "एवढं काय रे झालंय?"

"त्या ताईंनी हिरवी मागितली होती."

टॉवेल हातात घेऊन बायको त्यांच्याशेजारी बसली.

खरंच मागितली होती. मागच्या खेपेला बुवा ताईंच्या वर्कशॉपात गेले, तेव्हा ताई एका खुर्चीची वाकलेली चौकट सरळ करत होत्या. नवरा होता तोवर वेल्डिंगचं जोडकाम त्याचं आणि गिऱ्हाईक ताईंचं. तो गेल्यावर त्यांनी स्वतः जोडकाम शिकून घेतलं. खुर्च्या उशिरा व्हायच्या, पण झालेली खुर्ची परत यायची नाही. बुवांनी लालचं नाव काढलं तशा त्या ताठ झाल्या.

"आमचं बरं चाललंय, साहेब. हिरवीच लावा. यांच्या वेळीपण हिरवीच होती."

"अहो ताई, हिरवी लावली तर कोण विचारणार तुम्हाला? लाल लावतो. नवं जोडयंत्र येईल, हाताखाली शिकलेला माणूस येईल. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

"आम्हाला रडायची सवय नाही हो."

"तुम्ही नका रडू. तुमच्या वतीने मी रडतो," बुवा म्हणाले होते. त्यावर त्या हसल्या, आणि हसल्या म्हणून तयार झाल्या. आपण किती छान बोललो, असं बुवांना त्या वेळी वाटलं होतं. आता ते बोलणं आठवलं की त्यांना जीभ हासडून टाकावीशी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपात पोचले तर ताईंनी कोपरा रिकामा केला होता. तिथे नुकताच चुना मारला होता आणि भिंतीवर जाड वायर ओढून नवा प्लग बसवला होता. बुवांना पाहून ताई हात पुसत पुढे आल्या.

"या, साहेब. यंत्र कुठून आत घ्यायचं तेवढं सांगा. दारातून जाईल ना? नाहीतर हे कवाड काढून ठेवते."

बुवांनी वाटेत वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही कामी आलं नाही. "ताई, यंत्र येणार नाही," ते म्हणाले. "करारच संपतोय. लाल होते त्या सगळ्यांचा."

ताईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या मागे सरकून बाकावर बसल्या. नजर नव्या प्लगवर होती.

"पण मी हिरवी म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुम्हीच म्हणालात, लाल."

"हो, ताई. मीच."

त्या ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर बुवांनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. तशी तयारी करूनच ते आले होते. पण ताई उठल्या, स्टूल ओढत दाराबाहेर गेल्या आणि कंपनीच्या पाटीचे स्क्रू काढू लागल्या. स्टूल डुगडुगत होतं. बुवा धावले आणि दोन्ही हातांनी त्यांनी ते धरलं.

"राहू द्या हो आत्ता. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. कुणीतरी येईल न्यायला."

"नको. उद्या कुणी पाटी बघून खुर्ची घेऊन आलं, तर भाग कुठले लावू मी?" पेचकस फिरवता फिरवता त्या म्हणाल्या. पाटी हातात आल्यावर त्या खाली उतरल्या, पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि ती बुवांच्या हातात दिली. "चहा सांगते."

बुवांनी चहा प्यायला. नको म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.

तिथून पुढे जाणाऱ्या बसमध्ये गर्दी होती. पाटी कुठे ठेवायची कळेना, म्हणून त्यांनी ती मांडीवर उभी धरली. समोरच्या बाकावर एक म्हातारी आणि तिची सून बसली होती. सून पाटी वाचत होती. वाचून झाल्यावर ती पुढे झुकली.

"काका, तुमच्याकडे खुर्च्या दुरुस्त होतात का? यांच्या खुर्चीचं चाक अडकतंय. कुठे आणू?"

बुवांनी तोंड उघडलं. शहरातलं कंपनीचं मोठं केंद्र लांब होतं, आणि तिथे असली जुनी खुर्ची बघून नवीन घ्या म्हणायचे. फळ्यावर ते केंद्र हिरवं होतं.

"आता नाही होत," ते म्हणाले.

सुनेने मान हलवली आणि सासूच्या कानात मोठ्याने सांगितलं, "नाही होत म्हणतात." म्हातारी हसून बुवांना म्हणाली, "असू दे हो."

बुवांनी पाटी उलटी केली, अक्षरं आपल्या छातीकडे घेतली आणि पुढच्या लाल भागीदाराच्या गावापर्यंत ते तसेच बसून राहिले.