नव्या कपांवरचे स्टिकर

भाऊबीज झाली तरी दुपारचं ऊन काही हटत नव्हतं, आणि मनिराम मात्र गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळून गावभर फिरत होता. घामानं निथळत होता, पण काढायला तयार नव्हता. भेटेल त्याला सांगायचा, "जर्मनीवरून आला. गुंजननं सोताच्या हातानं विणला. एकटीनं नाही, तिथं तिच्या मैत्रिणींचं मंडळ आहे विणकामाचं." ऐकणारा मान डोलवायचा. करणार काय बिचारा, मनिरामच्या तावडीतून सुटणं सोपं नव्हतं.

त्याची बायको मंदाबाई हे ऐकायची आणि मुकाट्यानं घरात निघून जायची. तिला त्या मफलरकडं बघवत नव्हतं.

गुंजन त्यांची एकुलती लेक. गोंदियात नर्सिंग केलं, नागपूरला राहून जर्मन भाषा शिकली आणि दीड वर्षापूर्वी तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरीला लागली. तिथल्या गावाचं नाव मंदाबाईच्या तोंडात आजही नीट बसत नाही. पोरीला पाठवू नका म्हणून सगळं गणगोत आडवं आलं होतं. मनिरामसुद्धा नाहीच म्हणत होता, आज मफलर मिरवतो ती गोष्ट वेगळी. मंदाबाई एकटी सगळ्यांशी भांडली. सालेकशाच्या दवाखान्यात तिनं वीस वर्षं आया म्हणून काढली होती. आपण बेडपॅन उचलले, पोरीनं सुई धरावी, एवढंच तिचं म्हणणं.

पहिले चार महिने गुंजन रोज फोनवर रडायची. घर होतं, पगार होता, थंडीही सोसत होती. पण दारावर कोणी यायचं नाही. "आई, इथं कोणी कोणाकडं जातच नाही वं," म्हणायची. सालेकशाजवळच्या ज्या घरात दिवसातून पाच जण चहाला टेकायचे, तिथं वाढलेली पोर ती. इतक्या दुरून मंदाबाई करणार काय? जे ठाऊक होतं ते सांगितलं.

"माणसं जोड, माय. त्यायले घरी बोलाव, खाऊ घाल. काही शीक त्यायच्याकडून. शिकवणाऱ्याले शिकणारा आवडते."

आणि खरंच, पुढं रडणं थांबलं. एक दिवस गुंजननं फोनवर हिल्डा दाखवली. पंच्याऐंशीची गोरीपान म्हातारी, मांडीवर लोकरीचा गुंडा. "ही माझी मैत्रीण, आई. मले विणकाम शिकवून राहिली." मग आणखी दोघी दाखवल्या, त्याही म्हाताऱ्याच. मंदाबाईनं हसत विचारलं होतं, "काऊन वं, तिथं तरण्या पोरी नाहीत का?"

"आहेत न. त्या कामात राहतात."

मंदाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं त्या आनंदात शेजारीपाजारी रव्याचे लाडू वाटले. आता आठवलं की तिला त्या लाडवांची लाज वाटते.

पोळ्याच्या सुमाराला ते घडलं. गुंजन फोन समोर टेकवून हिल्डाशेजारी बसून आईशी बोलत होती. बोलता बोलता तिचा एक हात हिल्डाच्या खांद्याखाली गेला, दुसरा कमरेखाली, आणि तिनं अलगद, स्वतःच्याही लक्षात न येता, म्हातारीला डाव्या कुशीवर घेतलं. पाठीमागं उशी लावली. बोलणं सुरूच होतं.

मंदाबाईनं ते हात ओळखले. ते तिचेच हात होते. सासू अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठ फुटते, जखमा होतात, हे तिनंच गुंजनला शिकवलं होतं. मैत्रिणीला कोणी असं कुशीवर घेत नाही. मग तिला बाकीचंही दिसायला लागलं. म्हातारीच्या मनगटावरचा प्लॅस्टिकचा पट्टा, पलंगाचा कठडा, उशाशी लोंबणारी घंटीची दोरी. आणि गुंजनचा गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर, खालचा नर्सचा पोशाख झाकायला. पोरगी ड्युटीवरून, लपून फोन करत होती. तिच्या सगळ्या मैत्रिणी पेशंट होत्या.

मंदाबाई त्या दिवशी काहीच बोलली नाही. बोलून काय करणार? ते खोटं तिच्यासाठीच तर रचलं होतं. ते मोडलं असतं तर पोरीजवळ उरलं काय असतं?

दसऱ्याला गुंजननं विचारलं, "आई, यंदा आपली मंडई कवा आहे?"

आता मंडई म्हणजे काय ते सांगायला हवं. दिवाळीनंतर इकडं गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. आणि मनिरामच्या घरात जुनी रीत अशी की लेक मंडईला आपणहून येत नाही. तिला माहेरून निरोप जातो, मग ती येते. लेकीनं तारीख विचारणं म्हणजे निरोप मागणं.

मंदाबाईनं तारीख सांगितली. "ये" मात्र म्हणाली नाही. एकदा आली की पोरगी परत जायची नाही, हे दोघींनाही कळत होतं. तिला वाटलं, आणखी थोडे दिवस जाऊ द्यावे, लागेल एखादी खरी ओळख. पंधरा दिवसांनी गुंजननं पुन्हा तीच तारीख विचारली. मंदाबाईनं पुन्हा नुसती तारीखच सांगितली.

मफलर घेऊन आला तो शेजारच्या मुर्री गावचा हिमांशू. तिकडंच दुसऱ्या शहरात शिकतो, दिवाळीला घरी आला होता. मनिराम मफलर घेऊन गावात पळाल्यावर मंदाबाईनं त्याला आत बसवलं आणि सरळ विचारलं, "तू तिच्या घरी गेला होता न? कोण कोण येते तिच्याकडं?"

हिमांशू चहा पिता पिता थांबला. "मावशी, वो क्या है ना... मी गेलो तर ताईनं दहा लोकांचा स्वैपाक केला होता. मी म्हटलं, बाकीचे कवा येतात? तर म्हणे, तूच." त्यानं हातातला कप खाली ठेवला. "कपाटात सहा कप होते, एकदम नवे. किमतीचे स्टिकर तसेच होते खाली. माझ्यासाठी एक काढला तर तिनं तो नखानं खरवडून साफ केला. बाकी पाच तसेच ठेवले."

मंदाबाई उठली. त्याला डबाभर चिवडा बांधून दिला आणि वाटेला लावलं. नंतर चुलीपुढं बसून ती हमसून हमसून रडली. आपणच म्हटलं होतं, माणसं बोलाव. पोरीनं कप आणून ठेवले होते.

मंडईच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. नणंदा, भाचे, व्याही, व्याह्यांचे व्याही. कप कधीच संपले होते, अर्धे पाहुणे स्टीलच्या ग्लासातून चहा पीत होते. चारच्या सुमारास गुंजनचा फोन आला आणि मनिरामनं तो हातोहात सगळ्यांत फिरवला. "पहा, पहा, आमची गुंजन. तिच्याकडं बी आज पाहुणे येणार आहेत, काय वं?"

"हो न, बाबा. सगळ्या येऊन राहिल्या आज," गुंजन म्हणाली. आज तिला सुट्टी होती. तिच्या मागं रिकामी खोली दिसत होती.

मंदाबाईनं फोन ओढून घेतला आणि मागच्या बाडीत गेली. परसातल्या लिंबाच्या झाडाजवळ उभी राहिली.

"गुंजन, त्या कपायचे स्टिकर काढ, माय. कोमट पाण्यात भिजू घाल, निघतात."

गुंजननं मागं कपाटाकडं वळून पाहिलं. मग हळूच, "हिमांशूनं सांगितलं?"

"त्यानं कपायचं सांगितलं. बाकीचं मले पोळ्यापासून माहीत आहे. हिल्डाले तू कुशीवर घेतलं, तवाच समजलं."

गुंजननं बाहीनं नाक पुसलं. मंदाबाईनं इतके दिवस अडवून ठेवलेलं एका दमात बोलून टाकलं. "ये तू. निरोप देऊन राहिलो मी, ऐकतं न? मंडई गेली त जाऊ दे. कोणी काही म्हणू दे. ये."

गुंजननं मानेनंच नाही म्हटलं.

"दसऱ्याले म्हटलं असतं त आलो असतो, आई." तिचा आवाज शांत होता. "आता हिल्डा माझ्याशिवाय कोणाच्या हातून खात नाही. दुसरी कोणी कूस बदलाले गेली त ओरडते. तिले कोणीच भेटाले येत नाही. डॉक्टर म्हणते, होळीपर्यंतचं काही खरं नाही. तिले अशी टाकून कशी येऊ?"

मंदाबाईला एक जुना दिवस आठवला. गुंजन पाच वर्षांची असताना तापानं फणफणली होती, आणि त्या दिवशी मंदाबाई दवाखान्यात एका परक्या बाईच्या उशाशी बसून होती. घरी आल्यावर रुसलेल्या पोरीला तिनंच समजावलं होतं, पेशंटला अर्ध्यात सोडून येता येत नाही, माय. पोरीनं ते लक्षात ठेवलं होतं. आता कुठल्या तोंडानं तिला वेगळं सांगायचं?

"पाठीमागं उशी ठेवतं न?" तिनं विचारलं.

"ठेवतो."

"अन् टाचेखाली?"

"टाचेखाली राहून जाते कधी कधी."

"राहू देऊ नको. टाच लवकर फुटते."

"बरं." मग गुंजन म्हणाली, "आई, थोडा वेळ फोन असाच चालू ठेव. बोलू नको. तिथला आवाज येऊ दे."

मंदाबाईनं फोन घराकडं धरला. आत कोणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती, चौकातून दंडारीची ढोलकी येत होती. हात भरून आला तरी तिनं खाली घेतला नाही. शेवटी पलीकडूनच फोन बंद झाला.

ती आत आली तेव्हा मनिरामनं पाहुण्यांच्या घोळक्यातून विचारलं, "काय म्हणते गुंजन?"

"पाहुणे आले तिच्याकडं."

"मी म्हटलं नव्हतं?" मनिरामनं मफलर सारखा केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.

मंदाबाईनं उष्टे कप आणि ग्लास गोळा केले, विसळले आणि पुन्हा चहा ओतला. दोन कप कमी पडले.