सातव्या चित्रातली पाठ

माझ्या पोटात आता एकही चित्र उरलेलं नाही, मित्रांनो. तरी बदलापूरच्या बेलवलीतली मुलं मला अजून डोळ्यांना लावतात. मी एक जुनी चित्रपेटी. पुढं दोन भिंगं, बाजूला खटका. चित्रांची गोल चकती माझ्यात सरकवून खटका दाबत जायचं. सात चित्रं झाली की पुन्हा पहिलं.

माझा जन्म अमेरिकेतला. चांगुणाबाईंचा धाकटा मुलगा नरेंद्र नोकरीला ॲरिझोना राज्यात गेला. तिथल्या जुन्या बाजारात त्यानं मला घेतलं आणि आईला पाठवलं. एकेका चित्राची हकिगत फोनवर सांगितली. पुढच्याच वर्षी, २००४ साली, तिकडं रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. अंत्यसंस्कारही तिकडंच झाले. आईला चेहरा दिसला नाही.

दर रविवारी विहारातली वंदना आटोपली की मुलं ओट्यावर जमत. चांगुणाबाई शिकवत, "हे निवडुंगाचं झाड. पहिली फांदी फुटायला पन्नास-साठ वर्षं लागतात. हा लंडनचा पूल. दगडांवर आकडे घालून वाळवंटात आणून उभा केला. हे नवाहो लोक. सैनिकांनी त्यांना मुलाबाळांसकट पायी हाकललं. चार वर्षांनी ते आपल्या मातीत परत आले. आणि ही प्रचंड दरी, कोलोरॅडो नदीनं कोरलेली."

"मग आपली उल्हास का नाय कोरत?" सुजितनं विचारलं.

"तिला आधी तुमची घाण वाहू दे, मग कोरील."

त्या दरीच्या सातव्या चित्रात, कठड्याशी, निळ्या सदऱ्यातला एक माणूस पाठमोरा उभा होता. तिथं चांगुणाबाईंचं बोट खटक्यावर थबके.

"आजी, हा फोटो नरेंद्रकाकाच्या जन्माआधीचा आहे," नात स्वप्नाली एकदा म्हणाली. "चकतीवर साल छापलंय."

"ठाऊक आहे गं. पण पाठ त्याचीच ना?"

२००५च्या जुलैत नदीचं पाणी घरात शिरलं. ओसरल्यावर घरोघरी रेशनकार्डं, दाखले तव्यावर शेकून वाळवत होते. चांगुणाबाईंनी चकतीही तशीच मंद तव्यावर ठेवली, पदरानं हलकेच दाबली. चित्रं कागदाची नव्हती, फिल्मची होती. वास आला तोवर ती आकसून काळी पडली होती.

"त्याला तिकडं परक्यांनी जाळलं," त्या सुनेला म्हणाल्या. "इथं मी."

मला भंगारात द्यायला काढलं, तेव्हा स्वप्नालीनं मला मागं ओढून घेतलं. पुढच्या रविवारी तिनं मला तशी रिकामीच आजीच्या हाती दिलं. चांगुणाबाई खटका दाबत पाठ सांगत गेल्या. निवडुंग, पूल, नवाहो. सातव्या खटक्याला थांबल्या. भिंगांतून नुसता पांढरा उजेड येत होता. माझी कड ओली झाली.

मित्रांनो, घर आवरताना मोडकी वस्तू जरूर काढा. फक्त टाकण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तिच्यात कोण उभं आहे.