बुचावरचा आळ

चकाचक मालक माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येणार आहे. वायनरीतल्या माणसांनी हे नाव त्याला पाठीमागे ठेवलं होतं. ते त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वडिलांच्या काळात तळघरात कोळिष्टकं लोंबायची, पिंपांखाली बुरशी धरायची आणि म्हातारा म्हणायचा, असू दे, वाइनला सोबत लागते. म्हातारा गेला आणि पोराने पहिलं काम काय केलं, तर ब्लीचिंग पावडरची पोती मागवली. दर शनिवारी फरशी, भिंती, पिंपांखालचे लाकडी ओंडके, छताच्या तुळया, सगळं त्या पाण्याने घासून निघू लागलं. कामगारांचे डोळे चुरचुरायचे. मालक स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खराटा हातात घ्यायचा. "आमच्या तळघरात फरशीवर ताट न घेता जेवायला बसावं," असं तो पाहुण्यांना सांगायचा. बसलं मात्र कुणी नाही.

बाटल्यांची बुचं यायची दाजींकडून. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरामागच्या अंगणात त्यांचा लहानसा कारखाना होता. बुचाच्या झाडाची साल तिथे थरावर थर रचून ऊनपाण्यात महिनोन्महिने पडलेली असायची. मग ती उकळायची, दाबून सपाट करायची आणि यंत्राखाली धरून एकेक बूच पाडायचं. झाडाची साल एकदा काढली की पुन्हा जाड व्हायला इतकी वर्षं लागतात, की तेवढ्यात पाळण्यातलं पोर शाळेत भांडणं करून घरी येऊ लागतं. दाजींना घाई हा प्रकार त्यामुळेच माहीत नव्हता.

एकदा एक विक्रेता प्लॅस्टिकच्या बुचांचा नमुना घेऊन आला होता. मालक आणि दाजी, दोघांनी बाटली आळीपाळीने मांड्यांत धरून ओढलं, तेव्हा कुठे ते बूच निघालं, आणि निघाल्यावर पुन्हा आत जाईना. "मेहुण्या, जावई नीट पारखून घ्यावा तो यासाठी," दाजी म्हणाले, "एकदा आत गेला की बाहेर निघत नाही." मग आपणही या घरचे जावईच, हे लक्षात येऊन ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. विक्रेता बिचारा तोंडदेखलं हसला आणि नमुने गोळा करून गेला.

माल पारखायची त्या घराण्याची एक रीत होती. बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी प्रत्येक पोत्यातली मूठभर बुचं काचेच्या बरणीत पाण्यात टाकायची आणि झाकण न लावता बरण्या तळघरात ठेवायच्या, कारण तिथली हवा ना गार ना गरम. सकाळी त्या वर आणून मेहुणे-मेहुण्यांनी शेजारीशेजारी बसून हुंगायच्या. एखाद्या बरणीला जरा जरी कुबट वास आला, तर दाजी ते पोतं चकार शब्द न काढता परत न्यायचे. दोघांत कधी वाद झाला नाही. सासर-माहेरच्या भांडणात ताईला कधी मधे पडावं लागलं नाही, ते या बरण्यांमुळे.

मग एका हंगामात तक्रार आली. मालकाचा सगळ्यात मोठा खरेदीदार, ज्याच्या हॉटेलांत ही वाइन जायची, त्याने निरोप धाडला की बाटल्यांना ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. या धंद्यात ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हटलं की बुचाचं नाव घ्यायचं, हे ठरलेलंच. घरात काही हरवलं की लोक आधी मोलकरणीची पिशवी बघतात, तसं. हा वास बुचातून येतो हे खोटंही नाही, पुष्कळदा तिथूनच येतो, म्हणून तर पुढे कुणी शोधायच्या भानगडीत पडत नाही.

खरेदीदार स्वतः आला. त्याच्यासमोर बरण्या भिजत घातल्या गेल्या आणि सकाळी वर आणून टेबलावर मांडल्या. शेजारी नुसत्या पाण्याची एक बरणी ठेवून बघावी, हे कुणालाही सुचलं नाही. खरेदीदाराने पहिली बरणी नाकाशी नेली आणि लगेच दूर धरली. दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. दाजींनी हुंगलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

आता पाळी मालकाची. त्याने नाक पार बरणीत घातलं. त्याला पाण्याचा वास आला, सालीचा आला, आणखी कसलाच आला नाही. दोघं त्याच्याकडे बघत होते. ज्या वाइनवाल्याला स्वतःच्या मालातला वास कळत नाही, त्याच्याकडून माल कोण घेणार? मालकाने नाक मुरडलं.

"येतोय," तो म्हणाला. "चांगलाच येतोय."

"घरी मला येत नव्हता रे," दाजी हळूच म्हणाले. "प्रत्येक पोतं घरी हुंगून आणलं होतं. घरी येत नाही आणि इथे येतो. म्हणजे मीच माझ्या कारखान्याच्या वासाला सरावलो म्हणायचं."

 माणूस अगदी दारापर्यंत पोचला होता, फक्त दार चुकीच्या घराचं होतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण मालकाला आपलं नाव वाचवायचं होतं. वायनरीवाल्यांच्या संघाची बैठक होती, तिथे खरेदीदारही होता. मालक उभा राहिला आणि म्हणाला, "घरचा माणूस म्हणून इतकी वर्षं जे पदरात पडलं ते पवित्र मानून घेतलं. नात्यापायी नाक दाबून बसलो. आता नाही." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या वायनऱ्यांनीही दाजींचा माल घेणं बंद केलं. घरचाच माणूस नाव ठेवतो म्हटल्यावर परक्यांना काय पडलंय? काही दिवसांनी कळलं की दाजींनी अंगणातली होती नव्हती ती साल पेटवून दिली आणि बूच पाडायचं यंत्र काढून टाकलं. ताईने त्या दिवसापासून भावाला फोन केला नाही. त्यालाही करायचं धाडस झालं नाही.

वायनरीत आट्यांची झाकणं आली. बाटलीच्या मानेवर पत्र्याचं झाकण बसवून आटे पाडणारं यंत्र आलं आणि दिवसभर कडकड करू लागलं. मालक येईल त्याला बाटली उघडून दाखवायचा. फिरवलं की झालं, ओढाताण नाही, तुकडे वाइनमध्ये पडायचे नाहीत, बाटली आडवी ठेवा की उभी. आणि वासाची कटकट मुळातूनच गेली, असं तो शेवटी म्हणायचा. शनिवारची धुलाई अर्थात चालूच होती. उलट नवीन यंत्राच्या मानाने तळघर जुनाट दिसतं म्हणून ब्लीचिंग थोडं वाढवलंच होतं.

त्या झाकणांच्या बाटल्यांच्या पेट्या परत आल्या तेव्हा मालकाला वाटलं, चुकून दुसऱ्याच्या आल्या असतील. सोबत निरोप होता, ओल्या पुठ्ठ्याचा वास.

त्याने प्रयोगशाळेतल्या एका तपासनीस बाईंना बोलावलं. खरेदीदाराला कळू न देता बोलावलं. बाई तळघराच्या पायऱ्या उतरता उतरता मधेच थांबल्या.

"इथे ब्लीचिंग वापरता का?"

"दर शनिवारी," मालक म्हणाला. अभिमानाने म्हणाला, बिचारा.

बाईंनी एका तुळईवर बोट फिरवून नाकाशी नेलं. मग त्यांनी सरळ सांगितलं. ओलं लाकूड, त्यावरची बुरशी आणि ब्लीचिंग एकत्र आलं की हाच वास तयार होतो. तो तुळयांत मुरलाय, ओंडक्यांत मुरलाय, हवेत आहे. इथे उघडं राहील ते सगळं तो ओढून घेणार. पिंपातली वाइन घेणार, भिजत ठेवलेलं बूच तर सगळ्यात आधी घेणार.

"पण मला येत नाही," मालक म्हणाला.

"तुम्ही रोज इथेच असता ना," बाई म्हणाल्या. "नाक दमतं. चार महिने लांब राहिलात तर कदाचित येईल. लाकूड सगळं काढा, आणि मुख्य म्हणजे हे ब्लीचिंगने धुणं बंद करा."

मालक वरच्या पायरीवर बसला. आधी त्याच्या डोळ्यांपुढे परत आलेल्या पेट्या आल्या, खरेदीदार आला, वायनरी आली. दाजी नंतर आठवले. हा क्रम त्याला स्वतःलाच लक्षात आला, आणि त्याची त्याला लाज वाटली.

रविवारी तो ताईकडे गेला. ताईने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

"वाट चुकलास की काय?"

"दाजी आहेत?"

"बाजारात गेलेत. दुसऱ्याच्या गोदामात पेट्या लावतात हल्ली, एक रविवार तेवढा मिळतो." मग जरा वेळाने बाजूला झाली. "ये. चहा टाकते."

तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसायचं. एवढं मोकळं अंगण त्याने कधी पाहिलं नव्हतं. चहाला उकळी येईपर्यंत त्याने सगळं सांगितलं. तळघर, ब्लीचिंग, बरण्या. आपल्याला तेव्हा काहीच वास आला नव्हता, हेही सांगितलं. ताईने गॅस बंद केला आणि चहा कपात गाळला.

"म्हणजे माल चांगला होता."

"चांगला होता, ताई. मी दाजींचे पाय धरतो."

"पाय धरणार." ती वळली. "ती साल पेटवली तेव्हा मी इथेच उभी होते. वाळकी साल ती, धडाधडा पेटली. मी म्हटलं, निदान अर्धी ठेवा. तर म्हणाले, वाईट माल घरात ठेवायचा नाही. दुसऱ्या दिवशी दाढी करून काम शोधायला गेले. वाईट होता म्हणून गेला, एवढ्यावर उभा आहे तो माणूस. आणि तू आता सांगणार, की चांगला होता."

"पण खरं आहे ते."

"मग चारचौघांत सांग ना. बैठकीत बोललास, तिथेच उभा राहून सांग. खरेदीदाराला सांग, की वास माझ्या तळघराचा होता. तू बोलायला उभा राहणार असशील, तर मी त्यांना आत्ता बोलावून आणते."

मालकाने तिने पुढे ठेवलेल्या कपाकडे पाहिलं. ते सांगितलं तर एकही बाटली विकली जाणार नव्हती. तुळया बदलून होईपर्यंत गप्प राहिलं, तर कुणाला काही कळणारही नव्हतं. 

"वाटलंच होतं," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही. "मग त्यांना एकट्यालाच सांगून काय करणार? तुझं मन हलकं व्हावं म्हणून त्यांचं जड करायचं? नाही सांगायचं. माझी शपथ आहे तुला."

त्याला हायसं वाटलं. खरंच वाटलं, अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं. आणि मग त्या हायसं वाटण्याची इतकी किळस आली, की त्याने चहा तसाच ठेवला.

दाजी आले ते हातात पिशवी घेऊन. मेहुण्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला. ते वाळले होते. मालकाने सोसलं असतं असं एखादं टोचून बोलणं त्यांनी बोलावं, म्हणून तो वाट बघत राहिला, पण त्यांनी खुर्ची ओढली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं झालं आलास. खरं तर मीच यायला हवं होतं. माझ्या मालापायी तुझ्या नावाला बट्टा लागला, आणि मी तोंड लपवून बसलो. मनात ठेवू नकोस."

"नाही दाजी, तसं काही..."

"थांब, गंमत दाखवतो." दाजींनी पिशवीतून बाटली काढली. मालकाचीच, नव्या झाकणाची. "दुकानात दिसली, म्हटलं बघू तरी मेहुण्याचं नवं लग्न कसं जमलंय." त्यांनी झाकण फिरवलं, पेल्यात थोडी ओतली आणि जुन्या सवयीने पेला नाकाशी नेला. तो तिथेच राहिला. ताई ओट्याशी पाठमोरी होती, तिचा हात थांबला.

दाजी हसले. हसू कसलं, नुसते दात दिसले.

"बघ. यातही मला तोच येतोय. ओला पुठ्ठा. बूच नाही, साल नाही, पत्र्याचं झाकण आहे, तरी येतोय. म्हणजे नाकच कामातून गेलंय माझं. असलं नाक घेऊन मी जन्मभर लोकांना माल दिला." त्यांनी पेला पुढे केला. "तू बघ बरं. तुला येतो?"

मालकाने पेला घेतला. डोळे मिटून, जीव तोडून हुंगलं. द्राक्षाचा वास आला, लाकडाचा आला. तो तिसरा यावा म्हणून त्याने आयुष्यात कशासाठी केली नसेल एवढी मनधरणी केली. आला नाही.

"नाही," तो म्हणाला. "मला नाही येत."

"सुटलास," दाजी म्हणाले आणि खुर्चीला टेकले. "त्या वेळी तू तरी ओळखलंस, म्हणून वाचलो सगळे."

ताई मागे वळली नाही. दाजींनी बाटली उचलून मेहुण्याचा पेला भरला, आणि मालकाने तो शेवटपर्यंत प्याला.