वॉर्डातला दुसरा दिवस

"रविंद्र कुठं आहे?" राउंड मध्येच थांबवून डॉक्टर पुष्पलताबाईंनी विचारलं.

लहान मुलांच्या वॉर्डातले मेडिकलचे विद्यार्थी एकमेकांकडं पाहू लागले. जया हळूच म्हणाली, "मॅडम, सकाळपासून हॉस्टेलच्या खोलीचं दार उघडून नाही राहिला तो. हाक मारली तरी ओ देत नाही."

राउंड दुसऱ्या डॉक्टरांवर सोपवून बाई तडक मुलांच्या हॉस्टेलकडं निघाल्या. चौऱ्याहत्तर सालचा मे महिना. गॅस्ट्रोच्या साथीनं वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं होती. आदल्या दुपारी पंचफुला नावाच्या एका आईचं तीन वर्षांचं पोर गेलं. सलाईन चालू होतं, औषधं चालू होती, तरी गेलं. त्या वेळी जवळ एकटा रविंद्र होता. वॉर्डातला त्याचा पहिलाच दिवस. तो रडू लागला तेव्हा बाईच त्याला म्हणाल्या होत्या, "सावर स्वतःला. पुढच्या खाटेवर जा." त्यांना त्यांच्या सरांनी हेच शिकवलं होतं, आणि त्याही इतकी वर्षं हेच शिकवत आल्या होत्या. गेल्या वर्षी याच हॉस्टेलातलं एक दार फोडावं लागलं होतं. ते आठवलं तशी त्यांची चाल पळण्यासारखी झाली.

"रविंद्र, मी आहे. दार उघड."

त्यांनी दार जोरजोरात ठोठावलं.

"सब्बल आणू का, बाई? दार फोडतो." चौकीदार धोंडबानं विचारलं.

तेवढ्यात कडी वाजली. रविंद्र दारात उभा होता. डोळे सुजलेले. मागं उघड्या ट्रंकेत कपडे कसेबसे कोंबलेले.

"मी गावी कळमेश्वरले चाललो, मॅडम. माझ्यानं नाही होत हे."

बाई खाटेच्या कडेला बसल्या.

"काल मी जेवले नाही," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरात रडत बसले होते."

"तुम्ही?"

"दर वेळी असंच होतं. तुम्हाला कधी दिसू दिलं नाही, एवढंच."

रविंद्र दारातून आत आला.

"पंचफुला आज पोराचे कपडे न्यायला येणार आहे. तिच्यासमोर जायची मला भीती वाटते. येतोस माझ्याबरोबर? मग जायचं असेल तर जा."

"काय बोलू मी तिच्याशी?"

"ते मलाही माहीत नाही. तिनं काही विचारलं तर खरं सांग."

पंचफुला वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर एक छोटासा सदरा. बाई तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या.

"आम्हाला नाही वाचवता आलं त्याला," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. दारातले विद्यार्थी जागीच थबकले. बाईंना असं कुणी पाहिलं नव्हतं.

पंचफुला रविंद्रकडं पाहत होती. "तो गेला तेव्हा मी खाली बर्फ आणाले गेली होती," ती म्हणाली. "त्यानं काही म्हटलं का गा?"

रविंद्रनं जिन्याकडं पाहिलं. हा आता पळतो, असं बाईंना वाटलं. पण तो खाली बसला.

"पाणी मागत होता."

"देल्लं का?"

"देल्लं. चमच्यानं. दोन घोट घेतले त्यानं. मंग माझं बोट धरून होता."

"कोणतं?"

त्यानं हात पुढं केला. पंचफुलानं ते बोट आपल्या मुठीत घेतलं आणि मान खाली घातली. मग आत वॉर्डात एक पोर कळवळून रडू लागलं.

तिनं मूठ सोडली.

"जा गा बाबू. ते लेकरू रडून राहिलं."

रविंद्र उठून आत गेला. पंचफुला सदऱ्याची घडी घालू लागली. बाई तिच्याजवळ बसून राहिल्या.