दोन झगे आणि एक नणंद

अठराव्या शतकातल्या बायका झग्यात श्वास कसा घेत, हे साऱ्या जगात फक्त दोन माणसांना ठाऊक आहे, असं वहिनी छातीठोकपणे सांगत. दुसरं माणूस कोण, ते अजून ठरायचं होतं.

वहिनी वस्तुसंग्रहालयात जुन्या कपड्यांचं बघत. वर्षभर त्यांना एकच ध्यास होता: तिथल्या अडीचशे वर्षं जुन्या रेशमी झग्याची हुबेहूब नक्कल शिवायची. मूळ झगा इतका जीर्ण, की नजर रोखून पाहिलं तरी विरेल. हात लावायचा तो मोजे घालून. अंगात घालणं तर स्वप्नातही नाही. वहिनींनी त्याचा वाकडा टाका तसाच वाकडा घातला, काखेतलं ठिगळही त्याच मापाचं लावलं. मग संचालकांची गंमत करावी म्हणून दोन्ही झग्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. डाव्या टेबलावर अस्सल, उजव्या टेबलावर नक्कल. एवढं लक्षात ठेवायला काय लागतं?

नक्कल घालून दाखवायला नणंदेला बोलावलं होतं. तिचे खांदे त्या मापाचे अरुंद. त्या काळी झग्याला बटणं नसत, तो पुढून टाचण्यांनी बंद करत. टाचण्या आणायला वहिनी शेजारच्या खोलीत गेल्या आणि परत येऊन बघतात तर काय, नणंद झगा चढवून आरशासमोर उभी!

"कुठल्या टेबलावरचा घेतलास?"

"काय माहीत. दोन्ही अंगाला लावून बघितले. हा जरा हलका वाटला."

वहिनींनी टाचण्या तिथेच टाकल्या. "हलू नकोस. श्वाससुद्धा बेताने घे."

"बेताने म्हणजे कसा? तुम्ही त्यावर भाषणं देता ना, सांगा की!"

वहिनींनी भिंग काढलं. अंगावरच्या झग्याचा टाका वाकडा. टेबलावरच्याचाही वाकडा. ठिगळ इथेही, तिथेही. मेली ती हुशारी!

मग आठवलं. नकलेला जुनाट रंग यावा म्हणून ती चहाच्या पाण्यात बुडवून काढली होती. त्यांनी नणंदेच्या काखेत नाक खुपसलं.

"अहो वहिनी! हे काय भलतंच?"

पावडरचा वास. नुसता पावडरचा. टेबलावरचा झगा हुंगला. चहा. बिनदुधाचा, कडक.

"हात असेच वर ठेव. कोपर वाकवलंस तर बाही उभी चिरेल."

तेवढ्यात दार उघडलं आणि संचालक आत आले.

"वा! नक्कल तयार वाटतं!"

अस्सल झग्याच्या जवळही ते कधी फिरकत नसत. नकलेची कसली भीड? त्यांनी बाही चिमटीत धरली आणि पोत बघायला जराशी ओढली. कुठेतरी बारीक 'चर्र' झालं.

वहिनी गप्प राहिल्या असत्या तर नोकरी वाचली असती. फाटली ती नक्कल, म्हणून सगळं मिटलं असतं आणि काचेच्या कपाटात चहा कायमचा राहायला गेला असता. संचालकांनी पुन्हा ओढायला चिमूट घट्ट केली.

"साहेब, थांबा! तो अस्सल आहे!"

संचालकांचा चेहरा अस्तरासारखा पांढरा पडला. बाही धरवेना आणि सोडवेना.

"तुमची नोकरी गेली म्हणून समजा," ओठ न हलवता ते कुजबुजले.

"समजले. पण बाही तुमच्या हातात आहे, ती तेवढी सोडू नका."

वहिनींनी मोजे चढवले, भिंग लावलं आणि काखेखाली डोकं घातलं. ठिगळाचा एक टाका सुटला होता. रेशीम अजून धड होतं. बाहीला हिसका बसला तर राहणार नव्हतं. त्यांनी सुई घेतली. खोलीत कुणी श्वास घेईना, ना या शतकातला ना त्या.

"साहेब," नणंद हळूच म्हणाली, "तुमचा दुसरा हात मोकळाच आहे ना? तेवढं माझं नाक खाजवा."