उपेंद्रची दाढ आणि उंचीची सुई

जमिनीवर

दाढ गप्प. (बंगळूरची जमीन म्हणजे समुद्रापासून तीन हजार फूट वर. तरी गप्पच.) उपेंद्र तिला जिभेने डिवचून बघे, गार पाणी पाजून बघे. हूं नाही की चूं नाही.

चाचणीच्या विमानात वैमानिकाशेजारी बसून डायल वाचायचे, हे त्याचं काम. सोमवारी नवं विमान पहिल्यांदा उडणार होतं आणि त्यातली जागा त्याची होती. दाढेचं कळलं तर डॉक्टर त्याला उडू देणार नाहीत आणि ती जागा जोडीदार पद्माकरला मिळणार. म्हणून तोंड बंद.

आठ हजार फुटांवर

ठणका! दर वेळी इथेच. आत हवेचा बुडबुडा अडकला असेल, बाहेरची हवा विरळ झाली की फुगत असेल. दुखण्यापेक्षा त्याला याचंच नवल.

आज मात्र

बंगळूरजवळच्या येलहंक्यावर ढग. काचेबाहेर नुसतं पांढरं. ठणका लागला, त्याने सवयीने उंचीची सुई पाहिली.

सहा हजार.

दाढ चुकली? की सुई?

सुई चढताना मागे राहत असेल, तर उतरताना उलटं फसवणार. विमान जमिनीला टेकायला येईल आणि ही म्हणेल, अजून उंच आहोत.

"कल्लाप्पाअण्णा," त्याने वैमानिकाला हाक दिली, "सुई खोटं दाखवतेय."

"कशावरून रे?"

(इथे एक श्वास. त्यात अख्खा सोमवार.)

"दाढेवरून. आठ हजारांना दुखते. कायम."

"आणि हे आज सांगतोस, शहाण्या? स्वल्प मागे हो."

कल्लाप्पांनी टॉर्चच्या बुडाने शेजारच्या डायलची काच फोडली. दोन्ही डायलांना बाहेरची हवा एकाच नळीतून येई, आणि तिच्या दाबावरूनच सुई उंची सांगे. नळी तुंबली असली, तरी आता फुटक्या काचेतून विमानातलीच हवा मिळाली. सुई थरथरली आणि उडी मारून आठ हजारांवर गेली.

"अय्यो! दाढ आहे का काय ही!"

पुन्हा जमीन

नळीच्या भोकात कुंभारीण माशीने चिखलाचं घर बांधायला घेतलं होतं. विमान उभं असताना भोकावर झाकण लावायला कुणीतरी विसरलं होतं.

"साहेबांना काय सांगू?" कल्लाप्पांनी हळूच विचारलं. "मलाच संशय आला म्हणतो. तुझा सोमवार वाचेल."

उपेंद्रने बराच वेळ गाल चोळला.

"नको अण्णा. मग ही नेमकी कितीला दुखते, ते तपासणार कोण?"

सोमवारी पद्माकर उडाला. उपेंद्र, हवा काढून उंचावरच्यासारखी विरळ करता येणाऱ्या लोखंडी खोलीत, आ वासून बसला. समोर उंचीची सुई आणि दातांचे डॉक्टर नरसिंह.

"दुखलं की हात वर करा."

"करतो. पण डॉक्टर, ती सुई तिकडे वळवा. मला दिसली तर दाढेची परीक्षा कसली?"